सात बोर्डांचा कबुलीजबाब

व्हिडिओ कॉलवर जावयाला सासऱ्याचं तोंड दिसावं, सासूचं दिसावं, फार तर मागच्या कपाटावरची धूळ दिसावी. ग्रॅमसाहेबांच्या जावयाला त्या रविवारी यातलं काही दिसलं नाही. त्याला दिसला तो सासऱ्याच्या डाव्या कानामागचा विजेचा बोर्ड. बोर्डाच्या भोकांत दोन उघड्या वायरी खुपसल्या होत्या आणि त्या निसटू नयेत म्हणून शेजारी दोन आगकाड्या ठोकून बसवल्या होत्या.

"बाबा, ते मागे काय आहे?"

"रेडिओ," ग्रॅमसाहेब म्हणाले.

"रेडिओ नाही. त्याच्या खाली."

"तो बोर्ड. मीच केलाय." आणि जावयाला कौतुक वाटेल अशा भाबड्या समजुतीनं त्यांनी फोन उचलून थेट बोर्डापाशी नेला, पितळी पट्ट्या दाखवल्या, आगकाड्यांमागचं तत्त्व समजावलं आणि असे एकूण सात आहेत हेही सांगून टाकलं. जावई बोलेना. ग्रॅमसाहेबांना वाटलं, नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. जावई परदेशात इलेक्ट्रिकल इन्स्पेक्टर होता. लोकांच्या घरात शिरून त्यांच्या बोर्डांना नावं ठेवायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, असा त्याचा व्यवसाय. अशा माणसाला आपण होऊन आगकाडीचा बोर्ड दाखवणारा सासरा दुसऱ्या कुठल्या देशात सापडला नसता.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आधी हवापाणी झालं, मग तब्येती झाल्या, मग ती हळूच म्हणाली, "बाबा, रागावू नका हं. या खेपेला आम्ही बाराही दिवस हॉटेलात राहतो. रोज दुपारी भेटायला येऊ की."

कारण होतं ठमी. ठमी म्हणजे नात, वय अडीच वर्षं, आणि सध्याचा छंद असा की भोक दिसलं की बोट. कुलपाच्या भोकात बोट, बाटलीत बोट, झोपलेल्या बापाच्या नाकात बोट. तिकडे सगळे सॉकेट झाकणवाले, त्यामुळे तिच्या छंदाला कुणाची ना नव्हती. इकडे सात बोर्ड उघड्या तोंडानं तिची वाट पाहत बसले होते.

ग्रॅमसाहेबांनी ही नात आजवर फक्त तळहाताएवढ्या काचेत पाहिली होती. ती घरी राहायला येणार म्हणून त्यांनी कपाटाचा खालचा खण रिकामा केला होता. मुलीला पट्टी घेऊन ठमीचं पाऊल मोजायला लावलं होतं, तेही दोनदा, आणि दुसऱ्या वेळी दोन मिलिमीटरचा फरक आला म्हणून तिसऱ्यांदा. त्या मापाच्या इवल्याशा चपला खणात जोडीनं ठेवल्या होत्या. दुपारी भेटायला येणारी नात आणि सकाळी आपल्या अंथरुणात उपटणारी नात यांत किती अंतर असतं, ते मोजायला कुठलं माप नाही. त्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की ते चिडत, ही त्यांची जुनी खोड.

"एकतीस वर्षं याच बोर्डांवर संसार झाला," ते बायकोला म्हणाले. "मेलं का कुणी?"

"मिक्सर मेला," बायको म्हणाली. "दोनदा."

इथे ग्रॅमसाहेबांची ओळख करून दिली पाहिजे. वजनमापं खात्यात ते निरीक्षक होते. बाजारात त्यांची सावली पडली की दुकानदार तराजूच्या पारड्यांखाली चिकटवलेल्या वस्तू गिळायच्या बेताला येत. अर्ध्या ग्रॅमसाठी त्यांनी माणसं रडवली होती. ग्रॅमसाहेब हे नाव त्याच माणसांनी ठेवलेलं. खोटा शेरा म्हणून त्यांनी उभ्या नोकरीत लिहिला नाही. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, ज्यांना दुकानात अर्धा ग्रॅम चालत नसे त्यांना घरात काहीही चालत असे. खात्यानं जप्त केलेल्या खोट्या तराजूंचं पितळ एकदा लिलावात निघालं. ते त्यांनी रीतसर पावतीनिशी घेतलं, आणि एवढ्या चांगल्या पितळेचं काय करावं या विचारातून ते सात बोर्ड जन्माला आले.

प्रत्येकाची तऱ्हा निराळी. स्वयंपाकघरातला साबणाच्या डबीत बसवलेला. डबीचं झाकण डाव्या कोपरानं दाबून धरलं तरच मिक्सर फिरे, त्यामुळे बायकोचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली गेला होता. इस्त्रीच्या बोर्डाला आधी एक टिचकी लागे. झोपायच्या खोलीतल्या बोर्डाचं दाराच्या घंटीशी काहीतरी नातं होतं, कुणी घंटी वाजवली की पंखा मंदावत असे. पाहुणा फार वेळ उभा राहिला तर घामच फुटे. न्हाणीघरातला बोर्ड लाकडाचा होता, कारण लाकडातून वीज जात नाही. ते लाकूड गेली एकतीस वर्षं ओलं होतं. आणि एक होता पलंगाशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, टेबलावरच्या दिव्यासाठी. त्याची भोकं ग्रॅमसाहेबांनी मुद्दाम ऐसपैस ठेवली होती. पिन कुठलीही असो, नाराज होऊन परत जाऊ नये.

जावयानं एक यादी पाठवली. कलमं एक्केचाळीस. सॉकेटला आतून झडप हवी, न्हाणीघरात सॉकेट नको, अर्थिंग हवं, करंट गळला तर आपोआप पडणारा ट्रिप स्विच हवा, आणि शेवटचं कलम म्हणजे या सगळ्यावर स्थानिक वीज कार्यालयाचा 'धोका नाही' असा दाखला हवा. दाखला आला तर आम्ही घरी उतरू, असं खाली नम्रपणे लिहिलं होतं. नम्रपणा पाहून ग्रॅमसाहेबांचा आणखी तिळपापड झाला. आयुष्यभर ज्यानं लोकांकडे दाखले मागितले, त्याच्याकडे दाखला मागितला गेला होता.

यादी इमारतीत फिरली. अशा गोष्टी घरात ठेवायच्या म्हटल्या तरी राहत नाहीत. वरच्या मजल्यावरचे जहाजवाले चष्मा लावून खाली आले. मालवाहू जहाजावर ते भांडारपाल होते. तीस देशांची बंदरं त्यांनी पाहिली होती, बहुतेक भांडाराच्या खिडकीतून. त्यांच्या मते ही यादी म्हणजे एका देशाचा हट्ट होता. जावई राहतो तो जाड तीन पिनांचा देश. तिथली माणसं इतकी भित्री की प्रत्येक पिनेच्या पोटात वेगळा फ्यूज घालतात आणि न्हाणीघरातला दिवा दोरी ओढून लावतात. उलट चपट्या पिनांच्या देशात सॉकेटला बटणच नसतं. का, तर तिथे वीजच निम्मी. गोल पिनांच्या देशात पिन सुलटी घाला की उलटी, कुणी विचारत नाही. आणि एका बंदरावर तर त्यांनी स्वतः पाहिलं होतं, की शॉवरच्या तोंडालाच हीटर बसवलेला, वायरी पाण्याच्या धारेवर लोंबताहेत, आणि माणसं खाली उभी राहून गाणी म्हणताहेत.

"जिवंत?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"ठणठणीत," जहाजवाले म्हणाले.

ग्रॅमसाहेबांना यातून एकच बोध झाला. जगात माप एक नाही. ज्या माणसानं एकतीस वर्षं एकच किलो सगळ्यांना सारखा लावला, त्याला ही बेबंदशाही सहन होईना. दोन दिवस ते खोलीत बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी आठवा बोर्ड घेऊन बाहेर आले. पोळपाटाएवढा. त्यात चपट्या, गोल, तिरक्या, जाड, सगळ्या पिनांची सोय होती, शिवाय पहिल्या कलमाला अनुसरून प्रत्येक भोकाला आतून झडप होती. झडपेच्या स्प्रिंगसाठी घरातली नऊ बॉलपेनं धारातीर्थी पडली होती. कुठल्याही देशाचा जावई आला तरी त्याला नाव ठेवता येऊ नये, असा तो सर्वराष्ट्रीय बोर्ड होता.

चाचणीसाठी जहाजवाल्यांनी आपला टोस्टर आणला. चपट्या पिनांच्या देशातून आणलेला, बावीस वर्षं खोक्यातच ठेवलेला. तिकडची वीज एकशेदहा, इकडची दोनशेतीस, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. इथे एखादा अडाणी माणूस थांबला असता. ग्रॅमसाहेब अडाणी नव्हते, त्यांना त्रैराशिक येत होतं.

"एकशेदहाला पाव भाजायला चार मिनिटं लागतात," ते म्हणाले. "मग दोनशेतीसला किती? जवळजवळ दोन. आपण पावणेदोन मिनिटांनी काढू, म्हणजे झालं."

हातात घड्याळ धरून त्यांनी बटण दाबलं. हिशोब चुकला नव्हता, फक्त टोस्टरला त्रैराशिक येत नव्हतं. अकराव्या सेकंदाला त्यातून पांढरा उजेड आला, पाव आपण होऊन वर उडाला आणि छताला चिकटला. पिन ओढून काढावी तर झडप. झडप इतकी उत्तम झाली होती की आत गेलेली पिन बाहेर सोडायला तयार नव्हती. जहाजवाले आग लागल्यावर जहाजावर काय करतात ते आठवत उभे राहिले. खरं तर अशा वेळी घरातला फ्यूज उडायचा. पण फ्यूज वारंवार उडून त्रास देतो म्हणून ग्रॅमसाहेबांनी त्यात फार पूर्वीच दोरीएवढी जाड तार घातली होती. त्यामुळे घरातला फ्यूज शाबूत राहिला आणि सगळ्या इमारतीचा उडाला. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिका अडकल्या. त्यांना बाहेर काढल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "ग्रॅमसाहेबच ना?" या वाक्यानं ग्रॅमसाहेबांना टोस्टरपेक्षा जास्त पोळलं.

आता वायरमन बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हा वायरमन बोलायला कमी आणि चुकचुकायला जास्त. एकेक बोर्ड उघडे आणि च्यक करी. सातव्या च्यकनंतर त्यानं मुख्य मीटरशेजारी नवा ट्रिप स्विच बसवला. बटण वर केलं, ते खाली पडलं. पुन्हा वर केलं, पुन्हा पडलं. ग्रॅमसाहेबांनी स्विच बिघडलेला दिला असं सुनावलं. वायरमननं दुसरा आणला, तोही पडला.

"स्विच खरं बोलतोय, साहेब. तुमचं अख्खं घर गळतंय," तो म्हणाला आणि अर्थिंगची वायर कुठे जाते ते पाहत पाहत भिंतीच्या कडेकडेनं न्हाणीघरात, तिथून खिडकीबाहेर गेला. गीझरला जोडलेली ती वायर नळाच्या पाइपाला गुंडाळलेली होती, आणि तो पाइप पुढे शेजारच्या काकूंच्या मोरीत जात होता.

काकूंना गेली कित्येक वर्षं बोटांत मुंग्या येत. सकाळी नळ उघडला की हमखास. त्यांनी दोन डॉक्टर केले, तेलं झाली, बोटांचे व्यायाम झाले. अलीकडे मुंग्या कमी-जास्त होण्यावरून त्या हवामान सांगायच्या आणि ते बरोबर निघायचं. खरं कारण कळल्यावर त्या रागावतील म्हणून ग्रॅमसाहेबांनी भिंतीचा आधार घेतला. पण काकूंना वेगळंच दुःख झालं.

"म्हणजे माझं दुखणं तुमच्या गीझरचं होतं?" त्या म्हणाल्या. ज्या दुखण्याच्या जोरावर त्यांनी सुनेकडून वर्षानुवर्षं भांडी घासून घेतली, ते असं परक्याच्या गीझरचं निघावं, हे त्यांना पटेना. वायर पाइपावरून काढल्यावरही त्यांनी मुंग्या येणं आठवडाभर चालू ठेवलं.

वायरमननं निकाल दिला: भिंती फोडून सगळं वायरिंग नवं करावं लागेल, वीस दिवस. तोवर घर अंधारात राहू नये म्हणून त्यानं पडलेला ट्रिप स्विच वगळून वीज पुन्हा जुन्या वाटेनं सोडली. मुलगी यायला उरले होते नऊ. मग त्यानं आवाज खाली घेऊन एक तोड सांगितली. दाखल्याच्या अर्जात बोर्ड एकच दाखवायचा, तो एक मी आत्ता चांगला लावून देतो, त्या बोर्डासमोर कार्यालयाच्या माणसाला चहा पाजायचा. सगळे हेच करतात. बायकोनं मान हलवली, जहाजवाल्यांनी मान हलवली. ग्रॅमसाहेबांनी मान हलवली नाही, पण नकोही म्हटलं नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. नात दिसत होती ना समोर.

त्या दुपारी ते अर्ज घेऊन पलंगावर बसले. 'एकूण सॉकेट' या रकान्यात एक लिहायचं, एवढंच काम. लिहिता लिहिता पेन्सिल हातातून सुटली आणि पलंगाखाली घरंगळली. ती काढायला ते गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर, आणि डोकं वर केलं तर समोर, बरोबर डोळ्यांसमोर, तो वीतभर उंचीचा बोर्ड. एवढ्या उंचीवरून त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. पट्टी काढून त्यांनी जमिनीपासूनचं अंतर मोजलं, मग भोकाची रुंदी मोजली. बारा मिलिमीटर. पेन्सिल सात मिलिमीटरची. ती अडखळल्याशिवाय आत गेली. मग त्यांनी पेन्सिल बाजूला ठेवून वायरमन विसरून गेलेला टेस्टर घेतला आणि भोकात घातला. टेस्टरमधला लाल दिवा लागला.

एकतीस वर्षांपूर्वी स्वतःची मुलगी याच खोलीत रांगली होती, हे त्यांना तेव्हा आठवलं. तिला काही झालं नाही, ते त्यांच्या हुशारीमुळे नव्हे. निव्वळ तिच्या नशिबानं. त्यांना स्वतःची लाज वाटली. मग उठून त्यांनी रकान्यात सात लिहिलं, कंसात 'सर्व स्वनिर्मित' असं लिहिलं, आणि सोबत प्रत्येक बोर्डाची आकृती मापांसहित जोडली. आठवा 'चाचणीत नष्ट' म्हणून वेगळ्या टिपेत दाखवला.

वीज कार्यालयातल्या कारकुनानं अर्ज वाचला, परत वाचला आणि शेजारच्या टेबलाला वाचायला दिला. त्याच्या सतरा वर्षांच्या नोकरीत असा अर्ज आला नव्हता. लोक चोरी पकडली गेल्यावरही कबूल होत नाहीत आणि हा गृहस्थ आकृत्या काढून आणतो. 'स्वनिर्मित' साठी रकाना नसल्यामुळे त्यानं आधी अर्ज परत केला. मग 'इतर' मध्ये बसवू म्हणाला. मग 'इतर' साठी तीन प्रती लागतील म्हणाला. ग्रॅमसाहेबांनी आकृत्या तीनदा काढल्या. तपासणीला एरवी दीड महिना लागतो असं त्यांना सांगण्यात आलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तीन माणसं दारात हजर झाली, कारण आकृत्या पाहून कनिष्ठ अभियंत्याला घरी चैन पडलं नव्हतं. त्यानं सातही बोर्डांचे फोटो काढले. साबणाच्या डबीसमोर तर तो स्वतः उभा राहिला आणि लाइनमनकडून फोटो काढून घेतला. मग त्यानं ग्रॅमसाहेबांशी हात मिळवला, त्यांच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक केलं आणि मीटर तोडला.

"खरं बोलायची एवढी हौस होती तर जरा थांबून बोलायचं," बायको म्हणाली. फ्रिजमधलं दूध नासलं होतं, पंखे थांबले होते आणि मुलगी यायला सहा दिवस होते. पुढचे दोन दिवस ती नवऱ्याशी फक्त जहाजवाल्यांमार्फत बोलली. ग्रॅमसाहेब खुर्चीत बसून राहिले. हॉटेल आता नक्की झालं होतं, आणि ते बरोबरच होतं. हे बरोबर असणंच त्यांना जास्त लागत होतं.

पण नियमाचा माणूस नियमावाचून राहू शकत नाही. अर्जाच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, की तपासणी मागणाऱ्या ग्राहकाला सात दिवसांत लेखी निष्कर्ष देणं बंधनकारक आहे. मीटर तोडला तो तोडला, निष्कर्ष कुठे आहे? ते कार्यालयात गेले आणि निष्कर्ष मागितला. कारकुनानं छापील नमुना काढला. त्यात दोनच वाक्यं होती, 'सदर घरात विजेपासून धोका आहे' आणि 'सदर घरात विजेपासून धोका नाही', आणि खाली 'लागू नसेल ते खोडावे'. कारकून पहिलं ठेवून दुसरं खोडायला निघाला, तेव्हा ग्रॅमसाहेबांनी त्याचं मनगट धरलं.

"तारीख कोणती घालताय?" त्यांनी विचारलं.

"आजची."

"आज माझ्या घरात वीज आहे?"

कारकून अभियंत्याकडे गेला. अभियंता मोठ्या साहेबांकडे गेला. आतून बराच वेळ चर्चेचा आवाज येत होता. एकदा कुणीतरी हसलं, मग गप्प झालं. नियमाप्रमाणे शेरा कारवाईनंतरच्या परिस्थितीचा लिहायचा असतो, आणि वीज नसलेल्या घरात विजेपासून धोका आहे असं लिहून सही करायला कुणीही तयार होईना. उद्या चौकशी झाली तर काय दाखवायचं? तासाभरानं कारकून कागद घेऊन बाहेर आला. 'धोका आहे' हे वाक्य खोडलेलं होतं. खाली हातानं लिहिलं होतं, 'विद्युतप्रवाह उपलब्ध नसल्याने.' वर गोल शिक्का.

कागदाचा फोटो जावयाला गेला. जावयाचं उत्तर यायला रात्र उलटली. मुलीनं नंतर सांगितलं, की तो रात्रभर त्या कागदाकडे बघत बसला होता. त्यानं एक्केचाळीस कलमं एकेक करून लावून पाहिली. झडप नसली तरी चालत होतं. न्हाणीघरातला बोर्ड चालत होता. ट्रिप स्विच पडलेला होता, म्हणजे त्याचं काम तो करत होता. इन्स्पेक्टर माणूस, शिक्क्यापुढे जाणं त्याच्याही रक्तात नव्हतं. सकाळी त्याचा तीन शब्दांचा निरोप आला. "दाखला बरोबर आहे."

आणि ते घरी उतरले.

पहिल्या दिवशी जावयानं टेस्टर हातात घेऊन सगळं घर पालथं घातलं. सात बोर्ड तपासले, मग पुन्हा सात तपासले. दिवा लागेना तेव्हा त्यानं टेस्टर बॅगेत टाकला, शर्ट काढला आणि गार फरशीवर जो आडवा झाला तो जेवायलाच उठला. ठमीनं मात्र एकही बोर्ड सोडला नाही. आगकाड्यांच्या बोर्डात बोट, साबणाच्या डबीत बोट, इस्त्रीच्या बोर्डात बोट. आजोबा तिला कडेवर घेऊन एका बोर्डाकडून दुसऱ्याकडे नेत आणि वीतभर उंचीच्या बोर्डापाशी तिच्या शेजारी स्वतः बसत. ती बोट घाली, आजोबांकडे बघून हसे. तेही हसत, पण हात तिच्या मनगटापाशीच असे. सकाळी डोळे उघडले की ती त्यांच्या पोटावर असे आणि त्यांच्या कानात बोट घातलेलं असे. एवढं सुख त्यांनी कुठल्याही मापात कधी तोललं नव्हतं.

गैरसोय होती, नाही कशाला म्हणा. घरचा पंप बंद, म्हणून पाणी खालून भरावं लागे, वाटण हातानं वाटावं लागे, पुठ्ठ्यानं वारा घालून घालून बायकोचा उजवा खांदाही डाव्याच्या बरोबरीला आला. पण ती कुरकुरली नाही. ठमी दोन्ही वेळा तिच्या मांडीवर बसून जेवत होती, त्यामुळे कुरकुरायला तिचं तोंड मोकळं नव्हतं.

सगळं असं सुरळीत चाललेलं जहाजवाल्यांना बघवेना. वाईट हेतूनं नव्हे. परदेशचे पाहुणे घामानं निथळताहेत म्हणून त्यांचा जीव तुटला आणि त्यांनी कुणाला न विचारता ओळखीतल्या एका वरिष्ठाला फोन लावला. वरिष्ठानं खालच्याला लावला. पाचव्या दिवशी दुपारी लाइनमन शिडी, मीटर आणि हुकूम घेऊन दारात उभा राहिला. हुकूम असा, की वायरिंगचं मागाहून पाहता येईल, आधी वीज जोडा.

घंटी वाजत नव्हती, म्हणून त्यानं कडी वाजवली. ग्रॅमसाहेबांनी दार उघडलं. आत फरशीवर जावई घोरत होता, त्याच्या शेजारी मुलगी झोपली होती, आणि मधोमध ठमी पालथी पडून पलंगाशेजारच्या बोर्डाशी दबक्या आवाजात काहीतरी बोलत होती. तिचं बोट आत होतं.

"साहेब, दोन मिनिटांचं काम," लाइनमन म्हणाला. "लगेच पंखे चालू."

"आज नको," ग्रॅमसाहेब कुजबुजले. "पुढच्या आठवड्यात ही मंडळी जातील. मग मी भिंती फोडून सगळं वायरिंग नवं करतोय. तेव्हा या."

लाइनमनला हे समजेना. वीज जोडा म्हणून रडणारी माणसं त्यानं रोज पाहिली होती. तो म्हणाला, वरून हुकूम आहे, न जोडता परत गेलो तर कारण लिहावं लागेल, आणि ग्राहक नको म्हणाला हे कारण यादीत नाही. यादी त्यानं दाखवली. मीटर खोली बंद, कुत्रा सुटलेला, रस्ता खोदलेला, घर बंद.

एवढ्यात बायको मागून आली. दहा-अकरा दिवस तिनं मिक्सर, फ्रिज, पंखा यांतलं काही चालताना पाहिलं नव्हतं. तिनं आधी मीटरकडे पाहिलं, मग वळून ठमीकडे पाहिलं.

"घर बंद लिहा," ती म्हणाली.

लाइनमन पेन उघडून ग्रॅमसाहेबांकडे बघत राहिला. घर तर सताड उघडं होतं, आत माणसं पसरली होती, आणि मालक बनियनवर समोर उभा होता.

ग्रॅमसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते एक पाऊल आत सरकले, दार हळूच लावलं, कुणाची झोप मोडू नये इतक्या बेतानं वरची कडी घातली, मग खालची घातली, आणि फटीला तोंड लावून म्हणाले, "आता लिहा."